तासाला पंधरा मिलिलिटर: उपाशी शरीराला नळीतून जेवू घालताना

रुग्ण ६८ वर्षांच्या आजी. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. यजमान वर्षभरापूर्वी गेले, मुलगा आणि सून वाकडला. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी न्यूमोनिया आणि सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळणं) अशा अवस्थेत त्या आमच्या आयसीयूत आल्या. त्याआधीचे दोन दिवस घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेले होते. आल्याआल्या श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला आणि रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनलिन सुरू झालं. मी या आयसीयूची आहारतज्ज्ञ. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

हे प्रकरण लिहून काढते आहे ते न्यूमोनियासाठी नाही. न्यूमोनिया अँटिबायोटिकला चांगला प्रतिसाद देत होता, छातीचा एक्स-रे सुधारत होता, आणि तरीही तिसऱ्या दिवशी आजींना स्वतःचा श्वास पेलवेना. त्याचं कारण छातीत सापडलं नाही. त्या गेले तीन महिने काय जेवत होत्या, यात ते सापडलं.

जेवणाचा इतिहास

भरतीच्या कागदावर "आहार: शाकाहारी, भूक: बरी" एवढंच होतं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई व्यवस्थित जेवते, मॅडम. आत्ता नवरात्राचे उपास होते, त्यामुळे जरा अशक्तपणा आला असेल." तो खोटं बोलत नव्हता. दर रविवारी येत होता, आईसाठी फळं आणत होता, जेवणाचा डबाही त्यानंच लावून दिला होता.

खरी माहिती दिली शेजारच्या काकूंनी. संध्याकाळी भेटायच्या वेळेत त्या आल्या होत्या. दारातच त्यांना गाठून विचारलं. आषाढापासून डबा निम्मा परत जात होता. चातुर्मासात आजी एकभुक्त राहायच्या, म्हणजे रात्रीचं जेवण आधीच बंद. दुपारचंही हळूहळू सुटलं, कारण कवळी सैल झाली होती आणि पोळी चावली की हिरड्यांना टोचायची. मग चहा, चहात बुडवलेली खारी, कधी दहीभात. श्रावणात उपास जास्त, भाद्रपदात ताप येऊन गेला, आणि नवरात्रात नऊ दिवस दूध आणि एखादं केळं. "बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या हो," काकू म्हणाल्या, "दोन ब्लाउज मीच आत घेऊन दिले त्यांना."

आपल्याकडे बाई जेवत नाही याचा कुणाला संशय येत नाही, कारण न जेवण्याला नेहमी काहीतरी धार्मिक, सभ्य कारण असतं. श्रावण सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. उपासाला माझा विरोध नाही. माझ्या घरीही होतात. पण वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत "उपास चालू आहेत" हे उत्तर ऐकून प्रश्न विचारणं थांबवायचं नसतं. उपासाच्या आधी काय जेवत होत्या आणि उपास सुटल्यावर काय जेवल्या, हे विचारायचं असतं.

पलंगावरच्या काट्यानुसार वजन ३५ किलो भरलं. उंची झोपलेल्या माणसाची नीट मोजता येत नाही, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी घेऊन काढली, ती साधारण १५० सेंटिमीटर आली. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १५.६. मुलाच्या मोबाईलमध्ये जूनमधल्या तपासणीचा कागद होता, त्यावर वजन ४४ किलो. चार महिन्यांत वीस टक्के वजन गेलं होतं, तेही पायांना थोडी सूज असताना. म्हणजे खरी घट त्याहून जास्तच.

बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की ते जिवावर बेतू शकतं; याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्याचा धोका ओळखायला ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे निकष जगभर वापरले जातात. बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं, दहा दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काही न जाणं, किंवा फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी असणं, यातलं एक जरी असलं तरी रुग्णाला रिफीडिंग सिंड्रोमचा मोठा धोका आहे असं धरायचं. आजींच्या बाबतीत पहिली दोन कारणं उघड होती.

उपाशी शरीर आणि अचानक आलेली साखर

बराच काळ अन्न मिळालं नाही की शरीर आपला सगळा कारभार चरबीवर नेतं. इन्सुलिन खाली जातं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू संपत जातं, पण रक्तातली पातळी बरेच दिवस ठीक दिसते. इथेच फसगत होते. मग एकदम कर्बोदकं आली की इन्सुलिन उसळतं, पेशी ग्लुकोज आत ओढतात आणि त्याबरोबर ही तिन्ही क्षारद्रव्यं रक्तातून आत खेचली जातात. ग्लुकोज जाळायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. फॉस्फेट नाही तर पेशीला ऊर्जा साठवता येत नाही. श्वासपटल थकतं, हृदयाचे ठोके चुकतात, अंगात पाणी साठतं. लोक मरतात यानं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. छळछावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर खायला मिळाल्यावर दगावली. बर्गन-बेल्सन इथे १९४५ साली वाचलेल्यांना जे मिश्रण देऊन पाहिलं, ते आपल्या १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' होतं. ते इतकं गोड होतं की तिथल्या अनेकांच्या घशाखाली उतरेना. दुष्काळात माणसाला कसं जेवू घालायचं हा प्रश्न या देशाला नवा नाही, म्हणून आयसीयूत तो विसरला जातो याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता नर्सिंग होममधल्या दोन दिवसांकडे येऊ. तिथल्या कागदांवर रोज दोन लिटर डीएनएस, म्हणजे ग्लुकोज घातलेलं सलाईन, होतं. त्यात पाच टक्के डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज, सुमारे ३४० किलोकॅलरी. नातेवाइकांच्या आणि कधीकधी आपल्याही लेखी सलाईन म्हणजे पाणी. पण आजींचं रिफीडिंग त्या बाटलीपासूनच सुरू झालं होतं, थायमिनचा एक थेंबही न मिळता. आमच्याकडे आल्यावर नेहमीच्या तपासणीत सोडियम १३४, पोटॅशियम ३.२ आलं. 'इलेक्ट्रोलाइट्स' म्हणून जी तपासणी पाठवली जाते तिच्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच असतं; फॉस्फेट वेगळं मागवावं लागतं. मागवलं. फॉस्फेट डेसिलिटरला २.१ मिलिग्रॅम (किमान २.५ हवं) आणि मॅग्नेशियम १.५, तेही कमीच.

फीड सुरू करताना

पहिल्या रात्री नॉरॲड्रेनलिनचा डोस वाढतच होता, तेव्हा नळीतून काही दिलं नाही. शॉक आटोक्यात नसताना आतड्याचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. फ्रान्समधल्या ४४ आयसीयूंमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रिरिया-२ या अभ्यासात शॉकमधल्या रुग्णांना सुरुवातीपासून पोटातून पूर्ण फीड दिल्यावर आतड्याला रक्त न पोचण्याच्या घटना जास्त दिसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डोस स्थिरावला, शॉकमध्ये रक्तात वाढणारं लॅक्टेट उतरायला लागलं, आणि आम्ही सुरुवात केली. ४८ तासांच्या आत फीड सुरू करावं हे खरं; पण शॉक आवरल्यावर, हा त्यातला अर्धा भाग वाक्यातून गळून पडतो.

राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, आधीच घातलेली होती. सिस्टरांनी हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपनं आवाज ऐकला होता, पण त्या आवाजावर विसंबायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. एक्स-रेमध्ये नळीचं टोक जठरात दिसलं, नाकपुडीपाशी ५५ सेंटिमीटरची खूण लिहून ठेवली, पलंगाचं डोकं ३० अंशांच्या वर. मग फीड.

आयसीयूतल्या छापील तक्त्यानुसार किलोमागे २५ किलोकॅलरी, म्हणजे ८७५ होतात. आजींसाठी आम्ही किलोमागे १० धरल्या. एक मिलिलिटरला एक किलोकॅलरी असं तयार फीड, पंपावर तासाला १५ मिलि, दिवसाचे ३६०. शिवाय प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चालू होतं. ते चरबीच्या द्रावणात असतं, मिलिलिटरला १.१ किलोकॅलरी, तासाला ४ मिलि म्हणजे दिवसाला शंभरावर. हेही धरलं तर किलोमागे १३ च्या आसपास. फीडच्या आधी थायमिन शिरेतून, दिवसाला ३०० मिलिग्रॅम. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची भरपाई सुरू. प्रथिनं पहिल्या दिवशी फारशी जाणार नव्हती, त्याची घाई नव्हती. गंभीर रुग्णाला सुरुवातीपासून भरमसाट प्रथिनं दिल्यानं फायदा होतो ही समजूत २०२३ च्या एफर्ट-प्रोटीन अभ्यासानंतर टिकलेली नाही.

थर्मास

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि सून थर्मास घेऊन आले. नाचणीची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, आणि वेगळ्या बाटलीत नारळपाणी. पंपावरचा आकडा पाहून मुलाचा चेहरा उतरला.

"मॅडम, तासाला पंधरा मिलि म्हणजे तीन चमचे. एवढं तर आम्ही देवाला तीर्थ देतो. आईला उपाशी ठेवलंय का तुम्ही?"

हा प्रश्न मला नेहमी लागतो, कारण तो प्रेमाचा असतो आणि रास्त असतो. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याच्या तोंडात चार घास जाणं. जो मुलगा आयसीयूत काहीच करू शकत नाही, तो पेज तरी करून आणू शकतो. त्याला "नियमात बसत नाही" असं सांगून परत पाठवणं मला जमत नाही.

मी दोघांना बाजूच्या खोलीत नेलं आणि काकूंनी सांगितलेलं सगळं त्यांच्यासमोर मांडलं. ते जड गेलं. सून रडायला लागली, मुलगा म्हणाला, "मला कसं कळलं नाही?" त्यावर मी एवढंच म्हटलं की आईंनीच कळू दिलं नाही. मग समजावलं: "दादा, चार महिने बंद असलेल्या घरात एकदम सगळे दिवे लावले तर फ्यूज उडतो. आईंचं शरीर तसं आहे. आम्ही एकेक दिवा लावतोय. आज कमी मिळतंय हे खरं, पण आज जास्त दिलं तर हृदय दगा देईल." २०२३ मध्ये आलेल्या न्यूट्रिरिया-३ अभ्यासाचंही सांगितलं. त्यात तीन हजारांवर रुग्णांपैकी अर्ध्यांना पहिला आठवडा किलोमागे अवघ्या ६ किलोकॅलरी दिल्या होत्या. त्यांच्यात मृत्यू वाढले नाहीत, उलट ते आयसीयूतून बाहेर जाण्याजोगे लवकर झाले.

पेजेचं काय करायचं? घरचं मिक्सरमधून काढलेलं फीड वाईटच असतं असं मी मानत नाही. नळीवर घरी गेलेल्या, स्थिर रुग्णाला ते चालतं, परवडतं, आणि अनेक घरांना तयार पावडरचे डबे महिनोन्महिने घेणं शक्यच नसतं. पण आयसीयूत अडचणी आहेत. नळीतून जाईल इतकी पातळ पेज केली तर तिच्यात पाणीच जास्त; दाट केली तर नळी तुंबते. दर वेळी किती कॅलरी गेल्या ते कळत नाही, आणि आजींच्या बाबतीत नेमकं तेच कळणं जीवनमरणाचं होतं. शिवाय वाकडहून थर्मासमध्ये आलेल्या कोमट पेजेत जंतू वाढायला वेळ लागत नाही. असं फीड दोन तासांच्या आत संपायला हवं. नारळपाण्याचं वेगळं. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि आम्ही पोटॅशियम इंजेक्शनमधून मोजून देत होतो. त्यावर आणखी न मोजलेलं नको होतं. मी सुनेला सांगितलं की पेजेची कृती लिहून ठेवा, श्वासाची नळी निघाली की पहिली तीच देऊ.

तिसरा दिवस

रात्री आजींची साखर २४० पर्यंत गेली आणि इन्सुलिनचं इन्फ्युजन लागलं. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर होतं, पण इन्सुलिन फॉस्फेटलाही पेशीत ढकलतं. सकाळी गुंगीचं औषध थांबवून श्वासाची चाचणी घेतली. वीस मिनिटांत श्वासाचा वेग ३८, प्रत्येक श्वास उथळ, कपाळावर घाम. मॉनिटरवर अधूनमधून जादा ठोके. चाचणी थांबवून पुन्हा व्हेंटिलेटरच्या आधारावर ठेवलं.

राउंडला चर्चा झाली. कफ वाढला का? पाणी जास्त झालं का? एक्स-रे तर कालच्याहून स्वच्छ होता. बारा तासांनी पाठवलेल्या रक्ताचा अहवाल राउंड चालू असतानाच आला: फॉस्फेट १.२, पोटॅशियम २.९, मॅग्नेशियम १.४. सावकाश सुरू करूनही फॉस्फेट चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलं होतं. फीड सुरू झाल्यापासून पाच दिवसांत ३० टक्क्यांहून जास्त घट म्हणजे तीव्र रिफीडिंग सिंड्रोम, असं अमेरिकेतल्या एस्पेन संस्थेनं २०२० मध्ये ठरवलं आहे.

इथे दोन चुकीच्या वाटा समोर असतात. एक, फीड तसंच वाढवत नेणं आणि फॉस्फेट "दुरुस्त करत राहणं". दुसरी, घाबरून फीड पूर्ण बंद करणं, म्हणजे उपाशी माणसाला पुन्हा उपाशी ठेवणं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १३ आयसीयूंमध्ये ३३९ रुग्णांवर झालेला, २०१५ मध्ये आलेला अभ्यास याच प्रसंगाचा आहे. फीड सुरू केल्यावर फॉस्फेट पडलेल्या रुग्णांना त्यांनी तासाला २० किलोकॅलरींवर निदान दोन दिवस रोखून धरलं, आणि ६० दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात जास्त राहिलं. आजींचं फीड आणि प्रोपोफॉल मिळून तासाला १९-२० च होत होतं. म्हणून आम्ही पंपाला हात लावला नाही. पुढचे दोन दिवस तेच १५ मिलि.

पोटॅशियम फॉस्फेट १५ मिलिमोल सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) सहा तासांत, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. हे घाईनं देता येत नाही: कॅल्शियम खाली जातं, पोटॅशियम एकदम वर जातं. कॅल्शियम त्याच लाइनमधून चुकूनही नाही, कारण दोन्हींचा साका होतो. मॅग्नेशियम सल्फेट वेगळं; मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम वर येत नाही. साखर १४० ते १८० मध्ये ठेवायची, त्याखाली ओढायची नाही. दर बारा तासांनी फॉस्फेट.

त्या रात्री आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट घडली. सिस्टरांनी नळीतून खेचून पाहिलं तर जठरात १६० मिलि निघालं, आणि त्यांनी फीड थांबवायचं का म्हणून फोन केला. पोट फुगलेलं नव्हतं, उलटी नव्हती. चालू ठेवायला सांगितलं. दीड-दोनशे मिलिलिटरवर फीड बंद करण्याची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे, आणि अशा थांबण्यांमधून रुग्णाच्या वाट्याचं निम्मं अन्न राहून जातं. सिस्टरांनी आपणहून थांबवलं नाही, आधी विचारलं, याचं मला फार बरं वाटलं.

पुढे

पाचव्या दिवशी फॉस्फेट २.६ झालं आणि तिथेच टिकलं. मग फीड तासाला २०, २५, ३० असं रोज एक पायरी. सातव्या दिवशी श्वासाची चाचणी दोन तास चालली आणि श्वासनलिकेतली नळी काढली. व्हेंटिलेटरच्या कोणत्याही आकड्यात बदल न करता जमलेली गोष्ट होती ती. आठव्या दिवशी तासाला ३६ मिलि, म्हणजे छापील तक्त्यातला आकडा. त्यात वेगळी प्रथिनांची पावडर मिसळून किलोमागे १.३ ग्रॅम.

गिळण्याची तपासणी झाल्यावर सुनेनं लिहून ठेवलेल्या कृतीची पेज आली, थोडी दाट करून, चमच्यानं. आजींनी अर्धी वाटी घेतली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. दिवसा तोंडानं मऊ भात, वरण, ताकातली भाकरी, आणि रात्री दहा तास नळीतून, असं आठवडाभर चाललं. तोंडानं गरजेच्या दोन-तृतीयांश जायला लागल्यावर राइल्स ट्यूब काढली. ती लवकर काढण्याचा आग्रह नातेवाइकांकडून होतो, कारण नाकातली नळी बघवत नाही. पण चार घास खाल्ले म्हणून नळी काढली आणि दोन दिवसांत वजन पुन्हा उतरलं, असं बरेचदा होतं.

घरी जाताना वजन ३६ किलो, आणि पायावरची सूज गेलेली. औषधांच्या यादीइतकंच महत्त्वाचं म्हणून डिस्चार्ज कार्डावर "कवळी नव्यानं बसवणे" असं ठळक लिहिलं. मुलानं त्यांना काही महिने वाकडला नेलं आहे. पुढच्या चातुर्मासाचं काय करायचं यावर आजींशी माझी बोलणी झाली. एकभुक्त राहायचं नाही एवढं त्यांनी कबूल केलं, नवरात्राचं मात्र "बघू" म्हणाल्या.

आमच्या भरतीच्या कागदावरून आता "भूक: बरी" हा रकाना गेला आहे. त्याऐवजी तीन प्रश्न आहेत: गेल्या तीन महिन्यांत कपडे किंवा बांगड्या सैल झाल्या का, रोजचं पूर्ण जेवण शेवटचं कधी झालं, आणि इथे येण्याआधी किती ग्लुकोज सलाईन चढलं. घरच्यांपैकी कुणाला उत्तर ठाऊक नसेल तर शेजाऱ्यांना फोन करायचा. धोक्याच्या रुग्णांचं फॉस्फेट पहिले तीन दिवस न मागता तपासायला जातं.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. आयसीयूत येणाऱ्या प्रत्येक कुपोषित रुग्णाला पहिल्या ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावं, तपासण्यांची वाट न पाहता, असं माझं म्हणणं आहे. औषध स्वस्त आहे, अपाय जवळजवळ नाही, आणि उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांना सरसकट काही देणं पटत नाही. त्यांना आधी निकष हवेत. सध्या निकष लावून देतो. पण गावाकडून, दुसऱ्या दवाखान्यातून, चार बाटल्या सलाईन चढवून आलेला हाडकुळा रुग्ण दिसला की मी निकषांचा कागद भरायच्या आधी सिस्टरांना थायमिनची व्हायल काढून ठेवायला सांगते, आणि डॉक्टर आतापर्यंत त्यावर सही करत आले आहेत.